सरदाराच्या आधीचा घास

३ ऑगस्ट, रविवार

कंपनीने जानेवारीत वाटलेली ही डायरी आजवर कोरी पडली होती. आता माझ्याकडे वेळच वेळ आहे. बिल्डिंगच्या दारात एसीचं पाणी ठिबकून फरशी निसरडी झाली होती, तिच्यावरून मी असा काही आपटलो की घोट्याचं हाडच मोडलं. गणपती होईपर्यंत प्लॅस्टर. या वर्षीची चिपळूणची ट्रिप खलास. बाहेर सेहेचाळीस डिग्री, दुबईच्या या करामा भागात कुत्रं फिरत नाही, आणि आत मी, सोफा आणि टीव्ही.

सकाळी साधनाने स्वतःच एक सिरीयल लावली आणि रिमोट माझ्या हातात दिला. नाव ‘हिवाळी किल्ला’. जपानी आहे. म्हटलं, "मला काय कळणार त्यातलं?" तर म्हणाली, "खाली इंग्लिशमध्ये येतं की. तुम्हाला इतिहास आवडतो ना? बघा तरी."

बघितली. काय भन्नाट प्रकरण आहे! जुन्या काळचा एक जपानी सरदार. त्याला कायम विषाची धास्ती. म्हणून त्याच्या ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा पहिला घास खायला एक बाई नेमलेली. तिचं नाव चियो. ती खाते, बाकीचे तिच्या तोंडाकडे टक लावून बसतात, आणि बऱ्याच वेळाने तिला काही झालं नाही अशी खात्री पटली की ताट पुढे सरकतं. तोवर भात गार, मासा गार, कालवण गार. या सरदाराने म्हणे जन्मात गरम जेवण खाल्लेलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं.

साधनाला हे सगळं सांगितलं. ती माझ्या आणि लेकीच्या पोळ्या करून झाल्यावर शेवटच्या दोन स्वतःसाठी लाटत होती. म्हणाली, "होते सवय."

हिला काय ठाऊक!

५ ऑगस्ट, मंगळवार

आमची एक पद्धत पडून गेली आहे. ओट्यापाशी उभं राहिलं की टीव्ही दिसत नाही, म्हणून मी बघतो आणि मोठ्याने मराठीत साधनाला सांगत जातो. मुळात मी गोष्ट छान सांगतो. ती मध्येमध्ये प्रश्न विचारते आणि ते चक्क मुद्द्याचे असतात. काल म्हणाली, "त्या चियोला धाकटी बहीण आहे ना?" तोपर्यंत बहीण आलेलीच नव्हती. आज आली! अंदाज म्हणायचा तर जबरदस्त.

या सरदारांची आणखी एक गंमत कळली. प्रत्येकाने आपली बायकामुलं राजधानीत ठेवायची आणि स्वतः एक वर्ष तिथे, एक वर्ष आपल्या मुलखात असं ये-जा करत राहायचं. म्हणजे बंड करायची सोयच नाही. करामात एका खोलीत सहा-सहा जण राहणाऱ्या आपल्या पोरांची हीच गोष्ट आहे, फक्त बायकामुलं दुसऱ्या टोकाला. लेकीला, मिहिकाला, सांगायला गेलो. अकरावीत गेली, पण "इंटरेस्टिंग, बाबा," एवढं म्हणून पुन्हा मोबाईलमध्ये.

ॲपमध्ये मात्र बिघाड आहे. मी दुसऱ्या भागावर आहे आणि बाराही भागांच्या खाली लाल रेघ दिसते, म्हणजे सगळे बघून झाल्यासारखे. मिहिकाला विचारलं तर "नॉट मी!" कंपनीला तक्रार करायला हवी.

आमटीत आज मीठ नव्हतं. कणभर नाही. आणि साधनाने वाढतानाच विचारलं, "कसं झालंय?" वीस वर्षांत या बाईने कधी असं विचारलेलं नाही. जुलैत आम्हा तिघांनाही तो घाणेरडा ताप येऊन गेला, त्याचा अशक्तपणा असावा.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सिरीयलने आज गाडी भलत्याच वळणावर नेली. हिवाळ्यात किल्ल्यात तापाची साथ येते. चियो त्यातून वाचते, पण उठून बघते तर तोंडाला चव नाही, नाकाला वास नाही. आणि ती कोणालाच सांगत नाही! जिभेवरच तिची नोकरी, नोकरीवर बहिणीचं पोट. म्हणून ती पूर्वीसारखंच तोंड करून घास खाते. मी तर उठूनच बसलो, प्लॅस्टरसकट. आता पकडली जाणार कशी?

साधनाने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "पकडली गेलीच पाहिजे का?"

संध्याकाळी अजीजभाई आणि खैरुन्निसाभाभी आले होते. अजीजभाई रत्नागिरीचे, म्हणजे आमचे जिल्हेवालेच. मागच्या गल्लीत त्यांचं हॉटेल आहे. ते आज बातमीच घेऊन आले. सप्टेंबरपासून दर शनिवारी मराठी थाळी सुरू करायची आहे आणि ती साधनाच्या हातची. पगारी काम. बाहेर फळ्यावर तिचं नाव. "गणपतीला जेवायला येतो वहिनी, आणि तिथेच नक्की करून टाकू, इन्शाल्ला," म्हणाले. मी टाळीच दिली. वीस वर्षं हिच्या व्हिसावर हाउसवाइफ छापलेलं आहे! हिच्या हाताला चव आहे हे अख्ख्या करामाला ठाऊक आहे, आता पाटीच लागेल.

साधना नुसतीच हसली. लाजली असणार.

भाभींनी तिच्यासाठी अत्तर आणलं होतं. साधनाने बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले, "किती छान!" म्हणाली. झाकण तसंच घट्ट लावलेलं. वेंधळी कुठली! भाभींच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

मग चियोवरून विषय निघाला. भाभी म्हणाल्या, "रमजानमध्ये आम्ही महिनाभर न चाखताच रांधतो की. हाताला सगळं ठाऊक असतं."

साधनाने विचारलं, "आणि मीठ चुकलं तर?"

"अगदीच अडलं तर जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकायचं. तेवढी मुभा आहे."

मी म्हटलं, "आमच्यात तेवढीही नाही, भाभी. नैवेद्य दाखवेपर्यंत जिभेला कुलूप. आधी चाखलं की उष्टं झालं. आमच्या घरात हा नियम कधी मोडलेला नाही."

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज सकाळी एक घोट घेतला आणि चहा बेसिनमध्ये थुंकला. दूध नासलेलं! आंबटढोण! आणि समोर साधनाने स्वतःचा कप रिकामा केलेला. "अगं, तुझं लक्ष कुठे असतं?" म्हणून ओरडलो. म्हणाली, "घाईत प्यायले." दूध नासलंय हे घाईत कळत नाही?

आणखी एक नवं खूळ. मापाचे चमचे आणलेत, आठ दिरहमचे, म्हणजे एकशे नव्वद रुपये! जी बाई आयुष्यभर मुठीने आणि चिमटीने करत आली, ती आता मीठ सपाट करून मोजते. विचारलं तर म्हणते, थाळीसाठी प्रमाण ठरवतेय. बरोबर आहे म्हणा. व्यवसाय म्हटला की शिस्त हवी.

मिहिका मात्र सुधारली. हल्ली सारखी आईच्या मागेमागे स्वयंपाकघरात असते. आज चमचाभर कोशिंबीर तोंडात टाकून "मोअर लेमन" म्हणाली. मी बाहेरूनच बजावलं, की घरात काय हवं ते चाखा, पण गणपतीच्या दिवशी हे लाड चालायचे नाहीत. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

सहावा भाग. चियोच्या युक्त्या बघण्यासारख्या आहेत. ती पदार्थाचा रंग बघते, बोटाने दाबून बघते, आचाऱ्याच्या चेहऱ्यावरून ताडते. मीठ जास्त पडलं की म्हातारा आचारी कान खाजवतो, हे तिने हेरून ठेवलंय. हुशार आहे, पण लबाडी ती लबाडीच.

साधना पदराला हात पुसत बाहेर आली आणि चक्क सोफ्यावर येऊन बसली. "तुम्ही तो सरदार असता आणि तुम्हाला कळलं असतं, तर काय केलं असतं?"

मी म्हटलं, "त्यात विचार कसला? दुसऱ्या दिवशी घरी पाठवली असती. जिभेचंच काम आणि जीभच नाही. उद्या एखाद्याच्या जिवावर बेतलं म्हणजे?"

"तिचा काय दोष त्यात?"

"दोषाचा प्रश्नच नाही गं. अकाउंटंटला आकडे दिसेनासे झाले तर कंपनी त्याला ठेवेल का?"

ती उठून आत गेली. माझं उदाहरण पटलेलं दिसलं.

१७ ऑगस्ट, रविवार

आज पोळ्या गार. सगळ्या सकाळीच करून डब्यात भरून ठेवलेल्या. डोकं दुखतंय म्हणाली. मी एकट्यानेच सातवा भाग बघितला, काही खास वाटला नाही. कोणाला सांगितल्याशिवाय मजा येत नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

कडाक्याचं भांडण झालं. लिहून काढतो म्हणजे डोकं शांत होईल.

दुपारी आतल्या खोलीत पडलो होतो, तर जळका वास आला. आधी वाटलं शेजारून येतोय. काठी टेकत टेकत बाहेर आलो, तर कढईतलं खोबरं काळं कुळकुळीत, धूर निघतोय, आणि साधना दोन हातांच्या अंतरावर पाठमोरी उभी राहून वाल सोलतेय! मी गॅस बंद केला. ती एवढी दचकली की वालांचं ताटच पालथं झालं.

मी म्हटलं, "नाक आहे की नाही तुला?"

तर रडायलाच लागली. आणि रडत रडतच म्हणाली, "मी अजीजभाईंना नाही म्हणून सांगणार आहे. मला नाही जमायचं ते थाळीचं."

माझं डोकंच फिरलं. घरबसल्या चालून आलेली संधी! किती वर्षं म्हणतेय की मलाही काहीतरी करायचंय. मी बोललो खूप. घाबरट म्हणालो, लोकांसमोर यायची वेळ आली की हातपाय गाळतेस म्हणालो. ती एकच वाक्य बोलली, "तुम्हीच म्हणालात ना, दुसऱ्या दिवशी घरी पाठवावी?"

आता यात चियोचा काय संबंध? बायकांचं भांडण कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. मिहिका मध्ये पडली. "बाबा, स्टॉप. यू डोन्ट नो एनीथिंग." बापाशी बोलायची ही पद्धत!

२४ ऑगस्ट, रविवार

घरात सगळं मुकाट्याने चाललंय. मी सिरीयल पुढे बघितली. दहावा भाग. कारभाऱ्याला संशय येतो. तो चियोपुढे गोड वड्या ठेवतो, पण आत साखरेच्या जागी मीठ भरलेलं. सगळे बघतायत. ती एक वडी खाते, हसते आणि म्हणते, "या वर्षी गोडी उत्तम उतरली आहे."

मी तिथेच टीव्ही थांबवला. तिचं ते हसू पडद्यावर तसंच राहिलं. ते मी कुठेतरी बघितलं होतं. कुठे बघितलं होतं ते आठवेना, आणि मग एकदम झाकण न काढलेली ती अत्तराची बाटली आठवली.

मग नासलेला चहा. मग खोबरं.

छे, असं कसं होईल? मला कळलं नसतं का?

२५ ऑगस्ट, सोमवार

सुट्टी संपून मिहिकाची शाळा आजपासून सुरू झाली. घरात आम्ही दोघंच. मी जे केलं ते लिहायलाही हात धजत नाही.

चहा मी केला. एका पायावर उभं राहून, ओट्याला टेकून. साधनाच्या कपात साखरेच्या जागी मीठ घातलं, चांगलं चमचाभर. एवढंच ठरवलं होतं, की तिने तोंड वाकडं केलं की हसायचं आणि गंमत केली म्हणायचं. देवाशपथ सांगतो, तिने तोंड वाकडं करावं म्हणून मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले होते.

ती माझ्याकडे बघत बसली. मी चहा केला याचंच तिला एवढं नवल. हळूहळू सगळा प्यायली. कप खाली ठेवला आणि म्हणाली, "छान झालाय. पहिल्यांदाच केलात ना? अगदी छान झालाय."

मी खुर्चीत बसलो. माझी मलाच इतकी लाज वाटली की काय सांगू. तो कारभारी आणि मी, दोघांत फरक काय राहिला? शेवटी म्हटलं, "साधना, मीठ होतं त्यात."

तिने कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. वाटलं आता भडकेल. तर तिने एवढा मोठा श्वास सोडला, डोक्यावरची घागर उतरवावी तसा. "कळलं एकदाचं," म्हणाली.

जुलैपासून! त्या तापापासून. मिहिकाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. दोघी डॉक्टरकडेही जाऊन आल्या. परत येईल म्हणतो, कधी ते सांगता येत नाही म्हणतो. मला का नाही सांगितलंस, विचारलं. "सांगणारच होते," म्हणाली. "त्याआधी तुम्ही काय म्हणाल ते बघत होते."

मला वाटतं ती घाबरली होती. मी बोलतोच तसा.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. साधनाचा उपास. तशीही तिला महिनाभर जेवणात काही मजा नाही. भात म्हणजे कागद चावल्यासारखा लागतो म्हणाली. मी ऐकून घेतलं. मध्ये बोललो नाही.

उद्याचा प्रश्न आहे. जेवायला तीस माणसं, त्यात अजीजभाई, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी चाखायचं नाही हा माझाच नियम. प्रमाण मोजून ठेवलंय, पण चिंच प्रत्येक वेळी वेगळी, अळूही वेगळा. साधना म्हणाली, "जे होईल ते होईल. देवाच्या ताटावरून भांडण नको."

मी बसून विचार केला. सरदाराच्या आधी चियो खाते म्हणून कोणी सरदाराला उष्टं वाढलं असं म्हणत नाही. उलट ताट नीट आहे की नाही हे बघणं हाच तिचा मान. आणि भाभींच्या रोज्यातही अडलेल्या बाईला मुभा आहे. मग आमचा बाप्पाच तेवढा हट्टी का असेल?

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

सकाळी ओट्याजवळ स्टूल ठेवायला सांगितलं आणि त्याच्यावर जाऊन बसलो. मिहिकाने रजा घेतली होती. साधना अळूचं फदफदं ढवळत होती. मी हात पुढे केला.

"काय हवंय?"

"चमचा दे."

"अहो, नैवेद्य व्हायचाय अजून."

"दे म्हणतो ना."

तिने चमचा दिला, पण भांड्यावरून हात काढेना. मी तसाच बुडवला आणि तोंडात घातला. आयुष्यात पहिल्यांदा देवाच्या आधी जेवलो. वीज-बीज काही पडली नाही. म्हटलं, "गूळ कमी आहे. आणि अळू खवखवतोय, अजून उकळू दे." मिहिका किंचाळलीच, "बाबा! ओ माय गॉड!" साधना हसायला लागली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. तिला जरा वेळ लागला. तोवर मी बिरडं चाखलं, सारण चाखलं, साधं वरणसुद्धा चाखलं. मोदक तिने केले. त्यांच्या पाकळ्यांना चव लागत नाही, बोटं लागतात, आणि ती आहेतच.

जेवणं झाली. अजीजभाईंनी फदफदं दोनदा मागून घेतलं आणि हात धुऊन आल्या आल्या म्हणाले, "यल्ला, चला वहिनी, पुढच्या शनिवारपासून सुरू!"

मी आनंदाने हो म्हणणार, तेवढ्यात साधना पुढे झाली. "आधी एक सांगायचंय." मी तिला डोळ्यांनी खुणावलं, नको म्हणून. तिने बघून न बघितल्यासारखं केलं आणि सगळं सांगून टाकलं. चव नाही, वास नाही, कधी येईल माहीत नाही. आजचं यांनी चाखून दिलंय.

अजीजभाई बराच वेळ टेबलावरचे भाताचे दाणे गोळा करत राहिले. मी लावलेला न्याय आता दुसरा कोणीतरी तिला लावणार होता आणि तो मला ऐकावा लागणार होता.

खैरुन्निसाभाभी म्हणाल्या, "मला त्या अत्तराच्या दिवशीच कळलं होतं. वाट बघत होते, कधी सांगते ती." मग नवऱ्याकडे वळून, "शनिवारी मी असते की हॉटेलात. चाखीन मी. रमजान येईपर्यंत तिची जीभ येईल, नाही आली तर दोघी मिळून बिनचाखता करू."

अजीजभाईंनी मान वर केली. "एक शनिवार करून बघू," म्हणाले. "फळ्यावर नाव मात्र वहिनींचंच." आज ते माणसासारखे वागले, एवढं लिहितो.

संध्याकाळी आरती झाली, माणसं पांगली. मी तव्यावर एक पोळी गरम केली. कडेला करपली, पण गरम होती. साधनाला आधी बसवून वाढली. तिने तुकडा तोडला, बोटांना चटका बसला तशी हात झटकला आणि म्हणाली, "गरम कळतं हं मला."

मग खाता खाता विचारलं, "त्या सरदाराने शेवटी काय केलं हो?"

"शेवटचा भाग राहिलाय अजून बघायचा."

"बघा. चांगला आहे शेवट. त्याला वेळ लागतो जरा, पण येतं त्याच्या लक्षात."

आता हे हिला कसं ठाऊक? तो भाग मी तिला सांगितलेलाच नाही. आणि त्या ॲपची लाल रेघ अजून तशीच आहे. उद्या आधी तक्रार करतो.